विश्लेषण : गेमचे अपडेट ‘टोरंट’ने आले, तर तो गुन्हा का?

लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत किंवा तिच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये एकाच मजल्यावर चार मुले एकच गेम खेळत असतात. गेमचे नवे अपडेट आले, की ४० जीबीची तीच फाइल चार वेगवेगळ्या जोडण्यांवरून चार वेळा उतरवली जाते. शेजाऱ्याकडे आलेली फाइल शेजाऱ्याकडूनच घ्यावी, ही कल्पना दोन दशकांहून जुनी आहे आणि मोठ्या गेम कंपन्यांनी ती अधिकृतपणे वापरलीही आहे. मात्र तिच्याशी ‘टोरंट’ हे नाव जोडले गेल्याने आपल्याकडे अनेकांना त्यात पोलीस केसच दिसते. ही भीती कितपत खरी, आणि काळजी करायचीच तर ती कशाची?

‘पीअर-टू-पीअर’ म्हणजे नेमके काय?

गिरगावातल्या एखाद्या गणेशोत्सव मंडळाचा ४० पानी अहवाल आहे, असे समजू. सगळ्या सभासदांनी प्रत घेण्यासाठी एकाच छापखान्यासमोर रांग लावली, तर छापखाना कोलमडेल. त्याऐवजी छापखान्याने ४० जणांना एकेक वेगळे पान दिले आणि उरलेली पाने एकमेकांकडून झेरॉक्स करून घ्या असे सांगितले, तर थोड्या वेळात प्रत्येकाकडे पूर्ण अहवाल जमेल. छापखान्याला मात्र जेमतेम एकच प्रत छापावी लागेल. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने २००१ मध्ये आणलेली ‘बिटटोरंट’ पद्धत ही अशीच आहे. घेणारे जितके जास्त, तितके देणारेही जास्त. त्यामुळे गर्दी वाढली की वेग घटण्याऐवजी वाढू शकतो.

यात मधल्या कोणी पान बदलले तर? त्यासाठी मूळ फाइलच्या प्रत्येक तुकड्याचा एक गणिती ठसा आधीच दिलेला असतो. आलेला तुकडा त्या ठशाशी जुळला नाही, तर तो फेकून दुसरीकडून मागवला जातो. ठशांची यादी खुद्द कंपनीकडून आली असेल, तर तुकडा दादरहून आला की डेन्मार्कहून, याने फरक पडत नाही.

गेम कंपन्यांनी हा मार्ग का धरला?

हिशेब पैशांचा होता. १० लाख खेळाडूंना १० जीबीचे अपडेट एकाच दिवशी द्यायचे, तर सर्व्हरवरून एक कोटी जीबी डेटा बाहेर पाठवावा लागतो. ‘ब्लिझार्ड’चा ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ मध्ये आला, तेव्हा एवढा डेटा वाहून नेणे फार महाग होते. कंपनीने आपल्या अधिकृत डाऊनलोडरमध्येच बिटटोरंटचे तंत्र घातले. एका खेळाडूच्या संगणकावर अपडेट उतरत असतानाच त्याचे तुकडे दुसऱ्याकडे जात. ‘वर्ल्ड ऑफ टँक्स’च्या ‘वॉरगेमिंग’नेही आपल्या लाँचरमध्ये टोरंटचा पर्याय ठेवला. गेमच्या बाहेर पाहिले तर उबुंटू, डेबियन या मोफत संगणकप्रणाली अधिकृत टोरंटद्वारेही मिळतात. ट्विटरने २०१० मध्ये आपल्याच हजारो सर्व्हरवर नवा कोड पोहोचवण्यासाठी हीच युक्ती वापरली होती. त्या साधनाचे नाव त्यांनी ‘मर्डर’ ठेवले होते. इंग्रजीत कावळ्यांच्या थव्याला तो शब्द आहे. पण टोरंटच्या बदनामीत भर घालायला नाव अगदी चपखल.

मग ‘टोरंट म्हणजे गुन्हा’ हा समज आला कुठून?

तो अगदीच हवेतून आलेला नाही. मुंबईत गेम आधी आले ते मोठ्या प्रमाणात लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरच्या, नकली सीडींतून. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी २५६ केबीपीएस वेग पुरेसा होता. त्या वेगाने एक जीबी उतरवायला साधारण पावणेनऊ तास लागत. म्हणून रात्री संगणक चालू ठेवून झोपायचे आणि सकाळी उठून किती टक्के झाले ते पाहायचे, हा एका पिढीचा दिनक्रम झाला. उतरवले जायचे ते बहुतेक चोरीचेच, हे मान्य करायला हवे.

समजावर शिक्कामोर्तब झाले २०१६ च्या ऑगस्टमध्ये. बंद केलेल्या संकेतस्थळांवर गेल्यास पडद्यावर एक इशारा दिसू लागला. या दुव्यावरील बेकायदा प्रत पाहणे, उतरवणे, दाखवणे हा दंडनीय गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असा त्याचा आशय होता. ‘टोरंट साइट उघडली तरी तुरुंग’ अशा बातम्या देशभर फिरल्या. या इशाऱ्याचे मूळ फोर्टमधल्या मुंबई उच्च न्यायालयात होते. ‘ढिशूम’ चित्रपटाची चोरी रोखण्यासाठी ‘इरॉस’ने केलेल्या दाव्यात न्या. गौतम पटेल यांनी संकेतस्थळांवर सरसकट बंदी घालण्यास नकार दिला होता. तपासून खात्री केलेल्या दुव्यांपुरताच आदेश त्यांनी दिला आणि बंद पानावर नुसते ‘पान उपलब्ध नाही’ न लिहिता ते का बंद आहे, तक्रार कोठे करायची, हे नागरिकाला सांगावे असे बजावले. म्हणजे न्यायालयाला हवी होती पारदर्शकता. लोकांपर्यंत पोहोचली ती धमकी.

पुढे त्याच प्रकरणात न्यायालयाने शब्द दुरुस्त केले. नुसते पाहणे हा कॉपीराइट कायद्याखालचा गुन्हा नाही. परवानगीशिवाय वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे, विक्रीस वा भाड्याने देणे हा गुन्हा आहे, असे स्पष्ट करून ‘पाहणे’ हा शब्द इशाऱ्यातून काढायला लावला. पहिल्या इशाऱ्याच्या मानाने ही दुरुस्ती फार थोड्यांपर्यंत पोहोचली.

या भेदाचा गेमशी काय संबंध?

संबंध थेट आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी कापतो. टोरंटमध्ये उतरवणारा त्याच वेळी वाटतही असतो. त्यामुळे चोरीचा चित्रपट किंवा ‘क्रॅक’ केलेला गेम टोरंटने घेणाऱ्याला ‘मी फक्त पाहत होतो’ असे म्हणायला फारशी जागा उरत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ चे कलम ६३ जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला आणि त्याला साथ देणाऱ्याला, दोघांनाही लागू होते. पण ज्याचा हक्क आहे त्या कंपनीनेच वाटायला सांगितले असेल, तर उल्लंघन होतच नाही. अधिकृत लाँचरमधून अपडेटचे तुकडे शेजाऱ्याला देणारा खेळाडू कंपनीच्या परवानगीने वागत असतो. प्रश्न परवानगीचा आहे, तंत्राचा नाही. फेरीवाल्याच्या टेम्पोतून चोरीचा माल गेला म्हणून टेम्पो बेकायदा ठरत नाही, तसेच हे.

मात्र ‘अधिकृत अपडेट’ अशी पाटी लावून टोरंट साइटवर कोणीतरी ठेवलेली फाइल वेगळी. तिथे ठशांची यादीच त्या अनोळखी माणसाने बनवलेली असते. ठसा जुळला, एवढ्यावरून फाइल सुरक्षित ठरत नाही.

मग काळजी कशाची करावी?

भुर्दंडाची. कंपनीचा सर्व्हरखर्च वाचतो, कारण तो खेळाडूच्या जोडणीवर, विजेवर आणि डेटावर ढकलला जातो. हे विचारून केले तर सहकार आहे, न विचारता केले तर परस्पर वसुली. या बाबतीत कंपन्यांचा इतिहास फारसा अभिमानास्पद नाही. ‘लीग ऑफ लेजंड्स’सारख्या गेमबरोबर ‘पँडो मीडिया बूस्टर’ नावाचे साधन संगणकात येत असे. गेम बंद केला तरी ते मागे चालू राहून डेटा वर पाठवत असल्याच्या तक्रारी होत्या. २०१३ मध्ये ती सेवा बंद पडली, पण साधन असंख्य संगणकांत तसेच राहिले. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्याच्याच नावाने आलेल्या खोट्या ‘अपडेट’मधून लोकांच्या ब्राउझरमध्ये नको ते सॉफ्टवेअर घुसवण्यात आले. मायक्रोसॉफ्टनेही २०१५ मध्ये विंडोज १० आणताना अपडेट इतर संगणकांना वाटण्याची सोय आपसूक चालू ठेवली होती, त्यावरही टीका झाली.

दुसरा धोका इंटरनेट पुरवठादाराकडून. टोरंटची वाहतूक दिसली, की ती चोरीची असे गृहीत धरून वेग कमी करायचा, असे परदेशात घडले आहे. कॅनडात ‘रॉजर्स’ कंपनीच्या अशा बंधनांचा फटका ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या खेळाडूंना बसला आणि २०११ मध्ये कंपनीला ते कबूल करावे लागले. आपल्याकडे २०१८ पासून परवान्याच्या अटींतच नेट न्यूट्रॅलिटी आहे. विशिष्ट मजकूर अडवणे, त्याचा वेग मुद्दाम कमी करणे याला मनाई आहे. वाजवी वाहतूक व्यवस्थापनाला मुभा आहे. यातली मेख अशी, की कंपन्यांच्या फाइली ग्राहकाजवळच्या सर्व्हरवर साठवून ठेवणारी ‘कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क’ ट्रायने २०१७ च्या शिफारशींत या निर्बंधांच्या कक्षेबाहेर ठेवली. ज्या कंपनीकडे पैसा आहे, ती पुरवठादाराच्या दाराशी आपले गोदाम उभारू शकते. लहान गेम बनवणाऱ्या चार-पाच जणांच्या चमूला ते परवडेलच असे नाही. त्याच्यासाठी पीअर-टू-पीअर हा अजूनही खरा पर्याय आहे.

मोठ्या कंपन्यांनी हा मार्ग सोडला का?

बऱ्याच जणांनी. डेटा वाहून नेणे स्वस्त झाले, सर्व्हर जवळ आले. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आपले क्लाऊड केंद्र मुंबईत आणले. ब्लिझार्डनेही पुढे टोरंटचे तंत्र काढून टाकले. पण कल्पना मेली नाही, ती घरात आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘स्टीम’ने एकाच स्थानिक नेटवर्कवरील एका संगणकावरून दुसऱ्यावर गेम आणि अपडेट घेण्याची सोय चाचणीसाठी खुली केली. कोणाला द्यायचे, हे खेळाडू ठरवतो. मायक्रोसॉफ्टची ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ सोय विंडोजबरोबरच तिच्या स्टोअरमधील गेमसाठीही वापरली जाते.

मोबाइलवर तर हे आपल्याकडे केव्हापासूनच चालू होते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मर्यादेत गेम उतरवण्यापेक्षा मित्राच्या फोनवरून ‘शेअरइट’ किंवा ‘झेंडर’ने घेणे सोयीचे होते. जून २०२० मध्ये बंदी आलेल्या ५९ चिनी ॲपमध्ये ही दोन्ही होती. त्याआधी, २०१८ मध्ये, डेटा महाग असलेल्या देशांतला हा प्रघात ओळखून गूगलने ॲपच्या फाइलमध्येच सुरक्षा-खूण घालायला सुरुवात केली. मान्यताप्राप्त मार्गाने फोनवरून फोनवर आलेले ॲप त्यामुळे इंटरनेटशिवायही अस्सल आहे का ते तपासता येते आणि पुढचे अपडेट प्ले स्टोअरवरून मिळतात.

मग एकाच मजल्यावरच्या चौघांनी काय करावे?

१०० एमबीपीएसच्या जोडणीवर ४० जीबीला सुमारे ५३ मिनिटे लागतात. गिगाबिट केबलने जोडलेल्या दोन संगणकांत तेच काम कागदोपत्री साडेपाच मिनिटांचे, प्रत्यक्षात दहा-पंधरा. अडचण एवढीच, की चौघांच्या चार वेगळ्या जोडण्या म्हणजे चार वेगळी नेटवर्क. एका पुरवठादाराचे ग्राहक असले तरी सुरक्षेसाठी त्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असू शकते. तेव्हा लॅपटॉप उचलून शेजारी न्यायचा आणि त्यांच्या राउटरला जोडायचा, हाच सोपा मार्ग. दादर-परळमधल्या गेमिंग कॅफेंना याचा सर्वाधिक फायदा आहे: वीस संगणकांसाठी एकदाच फाइल आणायची, बाकी आतल्या आत वाटायची.

ज्यांना वाटायचे नाही, त्यांनी विंडोजच्या ‘अपडेट’ सेटिंगमधील ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ उघडून पाहावे. तिथे वाटप फक्त घरातल्या नेटवर्कपुरते ठेवता येते, पूर्ण बंद करता येते आणि महिन्याला किती जीबी वर जावेत याची मर्यादाही घालता येते. काही ‘अमर्याद’ फायबर योजनांनाही महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. तीत वर पाठवलेला डेटा धरला आहे का, हे योजनेच्या अटींत लिहिलेले असते.