इंजिन बदलताना तोलाचा हिशेब

'७१८' मालिकेच्या नव्या पिढीतील स्पोर्ट्स कार केवळ विजेवरच धावतील, हा आपला निर्धार जर्मनीच्या पोर्शे कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये सैल केला. या मालिकेतील सर्वांत वरच्या श्रेणीच्या गाड्या पेट्रोल इंजिनासह मिळतील, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले. विजेच्या गाड्यांना अपेक्षेइतकी मागणी नसणे हे त्यामागचे कारण उघड आहे आणि चर्चाही त्याचीच झाली. अभियंत्यांपुढील प्रश्न मात्र वेगळा आणि बराच जुना आहे. एका यंत्रासाठी आखलेल्या गाडीत दुसरे यंत्र बसवले, तर तिच्या वजनाचे आणि तोलाचे काय होते?

इंजिन बदलले की सामान्यतः पहिली विचारणा अश्वशक्तीची होते. वळणावर मात्र हिशेब किलोंचा असतो, आणि ते किलो कोठे आहेत याचा. टायरवरील भार वाढला की त्याची पकडही वाढते, परंतु भाराच्या प्रमाणात नाही. त्यामुळे पुढच्या बाजूस जड झालेली गाडी वळणात नाक बाहेर काढू लागते. चालक सुकाणू फिरवतो, गाडी मात्र सरळ जाऊ पाहते. दुसरी गोष्ट कावडीच्या उदाहरणाने चटकन कळेल. कावडीच्या दोन्ही टोकांना घागरी असतील, तर तोल अचूक असूनही कावडवाल्याला गर्रकन वळता येत नाही. त्याच घागरी खांद्याजवळ सरकवल्या की तो सहज वळतो. पुढच्या आणि मागच्या चाकांवर वजनाची समसमान वाटणी झाली, एवढ्याने म्हणूनच भागत नाही. ते वजन गाडीच्या मध्याजवळ असावे लागते. इंजिन आसनांच्या मागे, गाडीच्या पोटात ठेवण्यामागचे इंगित हेच.

या हिशेबाचा धडा ब्रिटनच्या एमजी कंपनीने सहा वर्षांत दोनदा दिला. 'एमजीबी' या लोकप्रिय छोट्या गाडीत १९६७ मध्ये चार सिलिंडरऐवजी सहा सिलिंडरचे सुमारे तीन लिटरचे इंजिन बसवून 'एमजीसी' बाजारात आली. हे ओतीव लोखंडाचे इंजिन आधीच्यापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड होते. त्याला जागा करून देण्यासाठी पुढचे सस्पेन्शन बदलावे लागले, बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. एवढे करूनही गाडी वळायला नाखूश असल्याची टीका झाली आणि १९६९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पुढे १९७३ मध्ये त्याच 'एमजीबी'च्या बंद छताच्या आवृत्तीत रोव्हरचे साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन आले. ते आकाराने मोठे, पण ॲल्युमिनियमचे. मूळ चार सिलिंडरच्या लोखंडी इंजिनाहून ते किंचित हलकेच भरले. सिलिंडर दुप्पट झाले तरी गाडीचे नाक जड झाले नाही. तात्पर्य, सिलिंडर मोजण्यापेक्षा काटा पाहणे बरे.

विजेच्या युगात हाच हिशेब अधिक कठोर झाला आहे, कारण बॅटरी ही सर्वांत जड वस्तू. २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीच्या असलेल्या जग्वारने २०१७ मध्ये जुन्या 'ई-टाइप'ला विजेची मोटर बसवून दाखवली. बॅटरी बरोबर मूळ इंजिनाच्या जागी, मोटर तिच्या मागे गिअरबॉक्सच्या जागी. गाडी मूळ 'ई-टाइप'पेक्षा ४६ किलोंनी हलकी झाली, पुढच्या-मागच्या वजनाची वाटणी कायम राहिली आणि म्हणून जुने सस्पेन्शन व ब्रेकही चालले. अर्थात त्याची किंमत अंतरात मोजावी लागली. ४० किलोवॉट-तासांच्या त्या बॅटरीवर कंपनीने सांगितलेला पल्ला २७० किलोमीटरचा होता. मोठी बॅटरी ठेवली असती तर पल्ला वाढला असता, पण मग ती 'ई-टाइप' उरली नसती.

मर्सिडीजच्या 'एएमजी सी ६३' या वेगवान सेडानची २०२२ मधील कथा उलटी आहे. आठ सिलिंडरचे इंजिन काढून दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन पुढे बसवले, मागे विद्युत मोटर आणि ८९ किलोंची बॅटरी दिली. पुढचा भार घटला, मागचा वाढला, एकत्रित शक्ती ६८० अश्वशक्तीवर गेली. पण एकूण वजन आधीच्या गाडीपेक्षा सुमारे तीनशे किलोंनी वाढून २,१११ किलोंवर पोहोचले. वाटणी सुधारली म्हणून जडपणा लपत नाही. ब्रेक आणि टायर यांना प्रत्येक किलोची खबर असते.

भारतात इंजिनबदलाची हौस कायद्याच्या चौकटीत भागवावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ही बाब ठळक केली. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्यास मात्र वाव आहे. त्याचा परिणाम मुंबईकरांनी स्पोर्ट्स कार न चालवताही पाहिला आहे. सीएनजी टॅक्सीच्या डिकीतील लोखंडी टाकी सामानाची जागा तर खातेच, शिवाय तिचा सारा भार मागच्या चाकांवर येतो. गर्दीत रांगणाऱ्या टॅक्सीला त्याने फारसे बिघडत नाही, एवढेच.

पोर्शेचे गणित यामुळेच अवघड आहे. २०२१ मध्ये मांडलेल्या 'मिशन आर' या संकल्पना गाडीत कंपनीने बॅटरी तळाशी न पसरता चालकाच्या मागे रचली होती, म्हणजे नेमकी तेथे, जेथे जुन्या '७१८'मध्ये इंजिन असे. विजेवरही मध्य-इंजिनाच्या गाडीचा तोल टिकवण्याची ती युक्ती होती. आता त्याच मालिकेत खऱ्या इंजिनाला परत बोलावले आहे. इंजिन आले की त्याबरोबर इंधनाची टाकी, रेडिएटर आणि धुराचे नळकांडे यांनाही जागा द्यावी लागेल, आणि प्रवासात टाकी रिकामी होत जाईल तसा तोलही थोडाथोडा सरकत राहील. बॅटरीचे तसे नसते. ती रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते.