पेंचचा अंधार

१९०८ साली ३० जून रोजी सैबेरियातील तुंगुस्का परिसरावर आकाशात स्फोट होऊन सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर अरण्य आडवे झाले. त्याच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रसंघाने हा दिवस लघुग्रह दिन म्हणून ठरविला आहे. अशा दिवसांच्या वाट्यास बहुधा भाषणे आणि निबंधस्पर्धाच येतात. विदर्भाला मात्र या विषयाकडे इतक्या अलिप्तपणे पाहता येणार नाही. लोणासुराच्या वधाचे स्थळ म्हणून आमचे पूर्वज जे सरोवर दाखवीत आले, ते बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आकाशातून आलेल्या पाषाणानेच काळ्या कातळात खोदलेले आहे.

ही पुराणकाळची गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. त्याने १६ ऑगस्ट २०२० चा दिवस आठवावा. त्या दिवशी तीन ते सहा मीटर आकाराचा एक लघुग्रह दक्षिण हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला. काश्मीर ते कन्याकुमारी हे अंतरही याहून अधिक आहे! '२०२० क्यूजी' हे त्याचे नाव त्याला मिळाले ते तो गेल्यावर. कॅलिफोर्नियातील पालोमार येथील दुर्बिणीने टिपलेली छायाचित्रे तपासताना मुंबईच्या आयआयटीतील दोन विद्यार्थ्यांच्या नजरेस तो आला, तेव्हा भेटीला सुमारे सहा तास उलटून गेले होते. तो आदळता तरी वातावरणातच फुटला असता, हे खरे. म्हणून आम्ही घबराट माजवू इच्छीत नाही.

आम्हांस महत्त्वाची वाटते ती त्याच्या कक्षेची गोष्ट. पृथ्वीच्या ओढीने त्याचा मार्ग सुमारे ४५ अंशांनी वळला. आला तो एका कक्षेतून, गेला तो दुसऱ्याच कक्षेत. अशा पाहुण्याचा पुढचा फेरा केव्हा, हे सांगावयाचे तर रात्रीमागून रात्री त्याची स्थाने मोजावी लागतात. मोजमापे थोडी असली की कक्षा एक रेघ न राहता रुंद पट्टा होते. २०२५ च्या फेब्रुवारीत '२०२४ वायआर४' या लघुग्रहाच्या २०३२ मधील आघाताची शक्यता ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि आठवड्याच्या आत जवळजवळ शून्यावर आली. तेव्हा शास्त्रज्ञांनी आधी भेडसावले व मग शब्द फिरवला, अशी थट्टा झाली. ती अज्ञानाची होती. नव्या मोजमापांनी पट्टा अरुंद होत गेला. जोवर पृथ्वी त्या पट्ट्यात होती तोवर आकडा वाढला, ती बाहेर पडताच कोसळला. आघाताच्या संभाव्य पट्ट्यात दक्षिण आशियाही होता. या पाहुण्याला प्रथम पाहिले ते चिलीतील दुर्बिणीने.

आमच्या दाराशी काय आहे? २०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्प भारतातील पहिले 'डार्क स्काय पार्क' ठरला. आसपासच्या गावांतील दिव्यांची तोंडे त्यासाठी खाली वळविण्यात आली. त्या ग्रामस्थांचे व वनखात्याचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. परंतु वाघ पाहून आलेल्या प्रवाशांना रात्री शनीची कडी दाखविणे एवढ्यावरच हा अंधार खर्ची पडावा काय? लघुग्रहांची स्थाने मोजण्याचे काम जगभर हौशी निरीक्षकही करतात आणि अमेरिकेतील लघुग्रह केंद्र ती मोजमापे स्वीकारते. सूर्याच्या बाजूने येणारे पाषाण रात्रीच्या दुर्बिणीला दिसत नाहीत, ही मर्यादा आहेच. बाकीच्यांचे काय?

नागपूर विद्यापीठाने पेंचमध्ये एक कायमची दुर्बीण उभारावी, पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावाव्यात, आणि महानगरपालिकेने आपल्या दिव्यांना टोप्या चढवून क्षितिजावरील झगमगाट कमी करावा. वाघोलीच्या शेतकऱ्याने जे केले ते सीताबर्डीला अवघड नसावे. पावसाळा संपून आकाश मोकळे होण्यास अजून तीन-चार महिने आहेत. तेवढ्यात निदान दुर्बिणीची जागा तरी निश्चित व्हावी.