औषधाचे वेळापत्रक आणि एसटीचे वेळापत्रक

प्राथमिक अवस्थेतील स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेच्या जोडीला केमोथेरपी द्यावयाची, तर ती दर आठवड्याला द्यावी, दोन आठवड्यांनी की तीन, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ तज्ज्ञांचा वाटतो. परंतु पिंपळगाव बसवंतहून पाहिले म्हणजे त्याची दुसरी बाजू ध्यानात येते. द्राक्षबागेत विरळणीला किंवा टोमॅटोच्या तोडणीला जाणाऱ्या बाईच्या हिशेबी औषधाची प्रत्येक मात्रा म्हणजे सुमारे तीस किलोमीटरवरील नाशिकची एक खेप, एक बुडालेला रोज आणि सोबत येणाऱ्याचाही एक रोज.

१९७६ साली मिलानच्या बोनाडोना यांनी तीन औषधांच्या बारा आवर्तनांनी रोग उलटण्याचे प्रमाण घटते, हे दाखविले. पुढे सहा आवर्तनेही तितकीच गुणकारी ठरली. १९९० साली अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटाने डॉक्सोरुबिसिन व सायक्लोफॉस्फामाइड यांची चार आवर्तने त्या सहा महिन्यांच्या उपचाराच्या तोडीची असल्याचे सिद्ध केले. एवढ्यावर न थांबता या संशोधकांनी रुग्णांचे हेलपाटेही मोजले. नवा उपचार ६३व्या दिवशी संपे, जुना १५४व्या. नव्यात औषध चार दिवस घ्यावे लागे, जुन्यात ८४ दिवस. आणि जुन्यात दवाखान्याच्या खेपा तिप्पट होत. रुग्णाच्या खेपा मोजणे हेही विज्ञानाचेच काम आहे, हा त्या अभ्यासाचा खरा धडा होय.

पुढील संशोधनाचा कौल मात्र वारंवार द्यावयाच्या औषधाकडे झुकला. २००८ साली ४,९५० स्त्रियांच्या अभ्यासात पॅक्लिटॅक्सेल हे औषध तीन आठवड्यांनी चार वेळा देण्यापेक्षा दर आठवड्याला बारा वेळा देणे सरस ठरले. २०१९ साली २६ चाचण्यांतील ३७,२९८ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा औषधांतील अंतर कमी करून किंवा ती एकत्र न देता एकामागून एक देऊन उपचार अधिक तीव्र केल्यास दहा वर्षांतील या रोगाचे मृत्यू शेकडा २१.३ वरून १८.९ वर येतात, असे दिसले. या लाभालाही किंमत आहे. दोन आठवड्यांच्या क्रमात पांढऱ्या पेशी सावरण्यासाठी वेगळे इंजेक्शन लागते. साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेलने बोटांना बधिरपणा अधिक येतो. विरळणीची कात्री धरणाऱ्या हाताला हा त्रास किरकोळ नव्हे.

मग खेड्यातील गरीब बाईला तीन आठवड्यांचाच क्रम बरा, असे म्हणावे काय? तसे म्हणणे म्हणजे दारिद्र्यालाच वैद्यकीय निकष ठरविणे होय. उलट, कागदावरचा सर्वोत्तम क्रम लिहून देऊन तिला वाऱ्यावर सोडणेही तितकेच चूक. अर्धवट सुटलेल्या उत्तम उपचारापेक्षा पूर्ण झालेला साधा उपचार केव्हाही श्रेयस्कर.

यातून मार्ग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना उपचाराचा खर्च उचलते. बुडालेली मजुरी ती भरून देत नाही. २०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे-केअर केंद्रे उघडण्याची घोषणा झाली. घोषणा स्तुत्य आहे. पण जिल्हा रुग्णालय नाशिकला, आणि पिंपळगावचे तीस किलोमीटर तसेच राहतात. पॅक्लिटॅक्सेलची तीव्र ॲलर्जी बहुधा पहिल्या एक-दोन मात्रांतच उद्भवते. तेव्हा त्या मात्रा शहरात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्याव्यात आणि उरलेल्या, प्रशिक्षित डॉक्टर-परिचारिका, रक्ततपासणी व तातडीच्या उपचाराची सोय करून, तालुक्याच्या पातळीवर द्याव्यात, हे अशक्य नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ‘ट्रिपल निगेटिव्ह’ प्रकारच्या ७२० रुग्ण स्त्रियांवर साप्ताहिक पॅक्लिटॅक्सेलला कार्बोप्लॅटिनची जोड देऊन पाहिली. पन्नाशीच्या आतील स्त्रियांना त्याचा लाभ झाल्याचे २०२२ साली जाहीर केले. कोणते औषध, किती वेळा, याचे उत्तर महाराष्ट्रातही शोधता येते, हे यावरून सिद्ध झाले. ते कोठे द्यावयाचे, याचे उत्तर प्रयोगशाळेने नव्हे, शासनाने द्यावयाचे आहे. औषध बाईच्या गावाजवळ आणणे हे बाईला बारा वेळा औषधापाशी नेण्याहून अवघड खचित नाही.