पाणी कोठे मुरते?

आपण महाराष्ट्रीय माणसे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ या घोषणेवर वाढलो. दख्खनच्या पठारावर पाणी जिरले म्हणजे पुण्य पदरी पडले, अशी आपली धारणा असते आणि तेथे ती योग्यही आहे. परंतु त्याच मराठीत ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असा संशयाचा वाक्प्रचारही आहे. उत्तराखंडातील जोशीमठाविषयीचे कागद वाचताना मला या दुसऱ्या वाक्प्रचाराची वारंवार आठवण झाली.

डोंगरउताराची माती शेतातील काळ्या मातीसारखी नसते. तिच्यात दगडगोटे भरलेले असतात आणि दगड पाणी धरून ठेवीत नाही. पाणी धरणारी बारीक माती त्या मानाने थोडी. ती लवकर भरते आणि उरलेले पाणी दगडांच्या कडेने, मुळांच्या पोकळ्यांतून वेगाने खाली जाते. वर सुटा पडलेला दगड पावसाचा मारा स्वतःवर घेतो आणि खालची माती मोकळी ठेवतो. तोच दगड घट्ट झालेल्या थरात रुतलेला असेल, तर पाणी आत न जाता वाहून जाते. आत गेलेले पाणी खालच्या कमी पाझरणाऱ्या थरावर अडते आणि मग उताराच्या दिशेने आडवे सरकू लागते. ते जाताना बारीक कण धुऊन नेते, म्हणजे दगडांमधील भर हळूहळू नाहीशी होते. निचरा होण्यापेक्षा पाणी अधिक वेगाने येऊ लागले की मातीच्या पोकळ्यांतील दाब वाढतो, कणांमधील घर्षण घटते आणि तोवर स्थिर असलेला उतार हलू लागतो. हे सारे जमिनीखाली चाललेले असते; पाहणीस गेलेल्या अधिकाऱ्यास वर हिरवे गवतच दिसते.

जोशीमठ हे गाव अशाच ढिगाऱ्यावर, जुन्या दरड कोसळीतून साठलेल्या वाळू-दगडांवर वसले आहे. हे काही कालपरवा कळलेले नाही. गढवालचे तत्कालीन आयुक्त मिश्र यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७६ साली ते स्पष्ट लिहिले होते. उतारावरील धोंडे खणून वा सुरुंग लावून काढू नयेत, झाडे तोडू नयेत, जड बांधकामांवर निर्बंध असावेत आणि पावसाचे पाणी जमिनीत मुरू न देता पक्क्या गटारांतून बाहेर न्यावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. मला विशेष वाटते ते या शेवटच्या शिफारशीचे. ती सर्वांत स्वस्त होती, आणि पुढील साडेचार दशकांत तिचीच सर्वाधिक उपेक्षा झाली.

असे का व्हावे? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर अवघड नाही. मी माझ्या घरामागे शोषखड्डा खणतो तेव्हा माझा खर्च वाचतो. ते पाणी चार घरे खाली कोणाच्या तरी पायाशी पोहोचते. त्याची किंमत मी देत नाही, आणि पाणी कोणाचे हे ज्याची भिंत तडकते त्यालाही सिद्ध करता येत नाही. अशा वेळी शासनाने मध्ये पडावे, असे पाठ्यपुस्तक सांगते. पण शासनाच्या अंदाजपत्रकात रस्ता आधी येतो, इमारत आधी येते; गटार शेवटी, निधी उरल्यास. गटाराच्या उद्घाटनाला कोणी येत नाही, हेही खरेच. असो.

जानेवारी २०२३ मध्ये गावाच्या खालच्या अंगाला, मारवाडी भागात, जमिनीतून गढूळ पाण्याचा झरा फुटला आणि शेकडो घरांना तडे गेले. जवळच्या बोगद्याकडे सर्वांचे लक्ष गेले, ते स्वाभाविकच होते. त्याची चौकशी व्हावयासच हवी. परंतु त्या वादात प्रत्येक घरामागचा शोषखड्डा विसरला गेला. आणखी एक गोष्ट मला आजही बोचते. २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचल्याची उपग्रहाने टिपलेली माहिती प्रसिद्ध झाली आणि लगेच मागे घेतली गेली. आठ संस्थांचे अहवाल लोकांसमोर आले ते सप्टेंबरमध्ये, उच्च न्यायालयाने कान उपटल्यानंतर. घबराट पसरू नये हा हेतू मी समजू शकतो, कारण मीही त्याच यंत्रणेत वाढलो आहे. तरीही ज्याच्या घराखालची जमीन सरकते आहे त्याच्यापासून तो आकडा लपविणे मला समर्थनीय वाटत नाही. आपल्याकडे माळीणला ३० जुलै २०१४ रोजी दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. तेथील खडक निराळा, पण मुसळधार पावसाचे पाणी उतारावरील मातीत साठले, ही गोष्ट तीच.

यावरून हिमालयात पाणी जिरवूच नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये. सिक्कीममध्ये २००८ पासून ‘धारा विकास’ कार्यक्रमात उतारावर चर खणून आटलेले झरे पुन्हा वाहते केले गेले. मात्र झऱ्याचे पाणी कोणत्या खडकातून येते याचा अभ्यास करून, मग चरांची जागा ठरविली. एका ठिकाणी जो चर जीवन देतो तोच दुसऱ्या ठिकाणी घर पाडतो, आणि आमची परिपत्रके मात्र दोहोंना एकाच मसुद्यात बसवितात.

जोशीमठाच्या पुनर्बांधणीसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये १,६५८ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. तिच्या आढाव्याच्या प्रत्येक बैठकीत पहिला प्रश्न गटारे किती मीटर झाली हा असावा, असे मला वाटते. डोंगरी नगरांत बांधकाम परवान्याच्या धारिकेत ‘या घराचे पाणी कोठे जाणार’ हे दाखविणारा एक नकाशा सक्तीचा करावा. आणि उतारात नळ्या रोवून भूजलाची पातळी मोजावी, ते आकडे दर महिन्याला नगरपालिकेच्या फलकावर लावावेत, तेही तेथील माणसांना वाचता येतील अशा हिंदीत.