धामणीचा दांडा

खंडेनवमीला आमच्या उंबरमाळीच्या घरी पाटावर कोयता, विळा, कुऱ्हाड, पहार मांडतात आणि त्यांच्या शेजारी गोल्फची एक जुनी स्टिक. तिलाही हळदकुंकू, तिलाही झेंडूचं फूल. बाहेरचा पाहुणा आधी हसतो, मग विचारतो. घरच्यांना यात नवल काहीच वाटत नाही. ज्यानं पोट भरलं ते हत्यार, एवढा साधा हिशेब.

पोट भरलं ते तात्यांचं. तात्या म्हणजे आजोबांचे धाकटे भाऊ. वयात येता येता खर्डीपर्यंत चालत जाऊन त्यांनी मुंबईची गाडी धरली आणि गावच्याच कुणाच्या तरी ओळखीनं चेंबूरला गोल्फच्या मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या स्टिकची पिशवी वाहणारे, म्हणून लागले. मुंबईत गोल्फ जुना आहे, इथला पहिला क्लब १८४२ सालचा. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब त्या मानानं अलीकडचा, १९२७ चा. तात्या गेले तेव्हा गोरे साहेब गेले होते, शेटजी आणि कंपन्यांचे अधिकारी खेळत होते. नव्या पोराला आधी 'आगेवाला' करत. त्यानं पुढे जाऊन उभं राहायचं आणि चेंडू कुठे पडतो ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. रानात हरवलेली शेळी शोधणाऱ्या पोराला हे काम काय अवघड! पुढे पिशवी खांद्यावर आली. जून लागला की तात्या भातलावणीला गावी परत.

ती स्टिक त्यांना एका म्हाताऱ्या पारशी शेटजींनी दिली. मोडली होती म्हणूनच दिली. नुसतं लोखंडी पातं आणि नळीत अडकलेला वीतभर दांडा. मॅशी म्हणत त्या जातीला. आजच्या भाषेत साधारण पाच नंबरची. पूर्वी स्टिकला नंबर नव्हते, नावं होती. मॅशी, निब्लिक, क्लीक, ब्रॅसी, स्पून. एकेक दांडा हातानं तासलेला, त्यामुळे एकाच नावाच्या दोन काठ्याही सारख्या वागायच्या नाहीत. दांडा हिकरीचा. हिकरी हे अमेरिकेतलं झाड. लाकूड चिवट आणि लवचीक, म्हणून एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या कारागिरांनी अॅश बाजूला सारून ते उचललं. पण लाकूड ते लाकूडच, जोरात मारलं की पीळ खातं. बॉबी जोन्सनं १९३० साली एकाच वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या हिकरीच्याच दांड्यांवर, आणि तोवर हिकरीचे दिवस भरले होते. पोलादी दांड्यांना खेळाचे नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या मंडळींनी १९२९ मध्ये मान्यता दिली. ब्रिटनच्या युवराजांनीच तिथं तसल्या स्टिकनं खेळून दाखवल्यावर दुसरं करणार काय, असं सांगतात. पोलाद आलं आणि स्टिकचे संच निघाले, नंबर पडले. काही हौशी खेळाडू पंचवीस-पंचवीस स्टिक पिशवीत भरू लागले. अखेर आधी अमेरिकेत १९३८ ला आणि वर्षभरानं ब्रिटनमध्ये चौदाची मर्यादा घातली गेली. इतिहासकार या नियमाची कारणं खेळाच्या कौशल्यात शोधतात. पिशवी कुणाच्या खांद्यावर होती, हेही बघायला हरकत नाही.

हल्ली जुन्या स्टिकचा शौक असलेली मंडळी आहेत. तात्यांचा नातू ठाण्याला असतो, त्यानं स्टिकचे फोटो काढून अशाच एका जाणकाराला दाखवले. जाणकार पहिल्यांदा विचारतो तो शिक्का. पातं घडवणारा लोहार मागच्या बाजूला आपली खूण ठोकायचा. सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्टची खूण तंबाखूचा पाईप, लेव्हनच्या जॉर्ज निकोलची हाताचा पंजा. शिक्का ठसठशीत असेल तर भाव, नाहीतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यांतून ढिगानं निघालेल्या मालाला फारसं कुणी विचारत नाही. आमच्या मॅशीवर शिक्का होता हे बोटाला कळतं. उन्हात तिरकं धरलं की एक गोल आणि त्याखाली दोन-तीन अक्षरांचे पाय दिसतात. बाकी सगळं गुळगुळीत.

हे गुळगुळीत कुणी केलं? थोडं आमच्या घरानं, दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून. पण बरंचसं त्याआधीच झालेलं असणार. त्या काळची पाती साध्या पोलादाची, न गंजणारी नव्हेत. मुंबईच्या खाऱ्या हवेत सकाळी खेळलेली स्टिक संध्याकाळी तांबडी पडे. खेळ संपला की कॅडीनं बसून प्रत्येक पातं पॉलिश पेपरनं घासायचं, हा रिवाज स्कॉटलंडपासून हिंदुस्थानापर्यंत सगळीकडे. रोज घासलं की गंज जातो, त्याबरोबर केसभर लोखंड जातं, वर्षानुवर्षांनी शिक्काही जातो. जाणकार ज्याचे पैसे कापतो ती झीज म्हणजे कॅडीच्या मनगटाचं काम आहे. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या एका घराच्या भिंतीआड १७४१ सालच्या वर्तमानपत्रासोबत सापडलेल्या आठ स्टिक जगातल्या सर्वात जुन्यांत गणल्या जातात. त्या कुणाच्या असतील यावर पुष्कळ तर्क झाले. त्या उचलून चालणाऱ्याविषयी कोण तर्क करणार? तेव्हा तर पिशवीही नव्हती, सगळा भारा काखेत मारून न्यायचा.

जाणकाराचा दुसरा आक्षेप दांड्यावर. "ओरिजिनल शाफ्ट नाही," असं त्यानं कळवलं. नसणारच! तात्यांनी गावी आल्यावर नळीतला तुकडा तापवून काढला, आडवा खिळा जपून ठेवला आणि रानातली धामण तासून बसवली. मुठीला आधी सुतळी, वर चामड्याची पट्टी. वाळवी-किडा लागू नये म्हणून करंजाचं तेल. परदेशात हिकरीला जवसाचं तेल पाजतात. आमच्याकडे करंज मिळतो, करंज चोपडला.

धामण का, तर कावडीची दांडी धामणीची, वाकते पण मोडत नाही, हे शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही जुन्या माणसाला ठाऊक. मला गंमत पुढे कळली. वनशास्त्राच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत धामणीचे उपयोग दिलेत, त्यात वल्ही, गाडीचे दांडे यांच्याबरोबर चक्क गोल्फच्या स्टिकचा उल्लेख आहे. साहेबाच्या वनखात्याला जे तपासून कळलं ते तात्यांनी कावडीवरून ताडलं. आणखी एक नातं सांगून टाकतो. लाकडी डोक्याच्या स्टिकसाठी अमेरिकेतलं पर्सिमन नावाचं लाकूड नावाजलेलं होतं. १९७९ नंतर धातूची डोकी आली आणि ते मागे पडलं. हे पर्सिमन आपल्या टेंभुर्णीचं सख्खं भावंड, एकाच कुळातलं. आपण पानं विड्यांना दिली, त्यांनी लाकडानं चेंडू मारले.

'ओरिजिनल'चा हा हट्ट मला पटत नाही. म्हसा गावच्या जत्रेत नुसतं पातं घ्यायचं आणि दांडा घरी बसवायचा ही आपली रीत. कुऱ्हाडीला तीन वेळा दांडा बदलला तरी ती आज्याचीच कुऱ्हाड राहते, कुणी तिला डुप्लिकेट म्हणत नाही. संग्रहालयातल्या वस्तूला वेगळा न्याय असेल, तो तिथं असू दे.

जागांचंही कधी असंच होतं. गाडीनं कसाऱ्याचा घाट चढून नाशकाला गेलात तर तिथं गोल्फ क्लब मैदान आहे. नाव तेच तोंडात राहिलंय, पण मैदान हुतात्मा अनंत कान्हेरे यांच्या नावाचं आहे. कलेक्टर जॅक्सनवर २१ डिसेंबर १९०९ ला गोळ्या झाडणारे कान्हेरे, ज्यांना एप्रिल १९१० मध्ये आमच्या ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आता तिथं रणजीचे सामने होतात. गोल्फच्या जागेनं असा दांडा बदलल्याचं मला दुसरं उदाहरण माहीत नाही.

तात्या स्वतः खेळायचे का? भात कापून खाचरं मोकळी झाली की खेळायचे. डावा पाय बांधाला टेकवून, मान खाली, आणि मैदानावर सापडलेला चिरलेला चेंडू असा काही फटकवायचे की आम्ही पोरं पळसापर्यंत धावत सुटायचो. एरवी तीच स्टिक चिंचा पाडायला आणि साप हुसकायला.

नातवाला विकायचं होतं असं नाही, भाव कळायला हवा होता. तो फार आला नाही, हे एका परीनं बरं झालं. भावंडांत वाटणीचा प्रश्न उरला नाही. सध्याची अडचण वेगळीच आहे. नळीजवळ दांड्याला उभी चीर गेलीय, पातं खुळखुळतं. पौषात म्हशाला जाणार आहोत, तेव्हा सुताराला दाखवू. सरळ, गाठ नसलेली धामण आता सहज मिळत नाही, सुबाभूळ सुचवणारे चिकार आहेत. बांबू तर अजिबात घालायचा नाही, असं धाकट्या आजीनं आत्ताच बजावून ठेवलंय.