पावनखिंडीचा अर्धा इतिहास

१/ दर पावसाळ्यात पन्हाळ्याहून शाहूवाडी तालुक्यातील पावनखिंडीकडे मुलांच्या पदभ्रमण मोहिमा निघतात. १६६० मधील बाजीप्रभूंचा पराक्रम मुलांना मुखोद्गत असतो. पाठलागावर आलेला सिद्दी मसूद मात्र केवळ ‘गनीम’ म्हणून उरतो.

२/ सिद्दी म्हणजे हबशी. पूर्व आफ्रिकेतून आलेले हे लोक. त्यांतील कित्येकांना गुलाम म्हणून आणले गेले. सिद्दी जौहरचा वेढा शिकवायचा आणि ‘सिद्दी’ हा शब्द मात्र उलगडायचा नाही, हे इतिहासशिक्षण नव्हे.

३/ मलिक अंबर गुलाम म्हणून विकला गेला होता. तोच पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले.

४/ ‘शत्रूचे गोडवे कशाला?’ हा आक्षेप पोकळ आहे. प्रतिस्पर्ध्याला क्षुद्र ठरवल्याने बाजीप्रभूंचे बलिदान मोठे होत नाही, उलट उणावते.

५/ महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्यांना अर्पण केला. कृष्णवर्णीयांची मुक्ती त्यांना परकी वाटली नाही. मग खिंडीत बाजींना मुजरा करणाऱ्या मुलांना हबशांचा दास्यातून सत्तेपर्यंतचा प्रवास सांगण्यास आपण का कचरावे?