लिंबू आणि दुनळी

परवा जेवताना आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, की त्यांच्या कादंबरीतले जादूगार दारू हुंगतात आणि मग त्यांच्या अंगात शक्ती संचारते. सौभाग्यवतींच्या हातातली पळी तशीच अधांतरी राहिली. चौकशीअंती ती बंदुकीची दारू निघाली! ब्रायन मॅकक्लेलन या अमेरिकन लेखकाची ही २०१३ सालची कादंबरी, 'प्रॉमिस ऑफ ब्लड'. तिच्यात बंदुका आणि मंत्रतंत्र एकाच पंगतीला बसतात.

ही बातमी मी बँकेत नेली, तर आमचे हेड कॅशियर कडाडले, "हे म्हणजे ताकात चहा! अहो, बंदूक आली की जादू संपली!"

हे मत पुष्कळांचं आहे. म्हणूनच आपल्या अद्भुत गोष्टींतला राजपुत्र तलवार घेऊनच हिंडतो. त्याला बंदुकीचा परवाना द्यायला कुणी धजत नाही.

पण मी पडलो बी.कॉम. पुराव्याशिवाय व्हाउचर पास करत नाही. विजापूरची मुलुखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतली. तिचं तोंड म्हणजे हत्तीला गिळू पाहणाऱ्या हिंस्र पशूचा जबडा. आता मला सांगा, गोळा काय साध्या तोंडातून कमी लांब गेला असता? मग जबडा कशाला? ज्यांनी धातूचा आणि दारूचा चोख हिशेब मांडला, त्यांचासुद्धा नुसत्या हिशेबावर भरवसा नव्हता!

ही झाली तोफवाल्यांची बाजू. आता समोरच्यांची पाहा. आजच्या झारखंडात १८९९-१९०० साली बिरसा मुंडांचा उलगुलान झाला. इंग्रजांच्या गोळ्यांचं पाणी होईल, असा त्यांच्या अनेक अनुयायांचा विश्वास होता. जानेवारी १९०० मध्ये डोंबारी टेकडीवर गोळ्या सुटल्या. त्यांचं पाणी झालं नाही. इथं मला विनोद सुचत नाही. एवढंच कळतं, की बंदुकीला उत्तर द्यायला ज्याच्या हाती बंदूक नसते, तो मंत्र मागतो. म्हणजे बंदूक आली म्हणून जादू संपली नाही; उलट तिची गरज वाढली. दोन्ही बाजूंची ही गरज ओळखणारी कादंबरी मराठीत कुणी लिहीत असेल, तर त्याला ताकात चहा म्हणून हिणवू नका. सामग्री सगळी घरचीच आहे.

हे सारं हेड कॅशियरांना ऐकवायचं मी ठरवलं होतं. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या गोंदियाच्या शाखेत शस्त्रपूजा निघाली. गार्डाच्या दुनळीला झेंडूची माळ, कुंकवाचं बोट, खाली लिंबू. पूजेला बसले होते खुद्द हेड कॅशियर!

मी गार्डाला विचारलं, "काडतुसं आहेत ना? मग लिंबू कशाला?"

"काडतुसं हायेत ना साहेब," तो म्हणाला, "पण वेळेवर नाही उडाले तं?"

हेड कॅशियरांनी दुनळीकडे पाहिलं, तिजोरीकडे पाहिलं, आणि शिपायाला आणखी एक लिंबू आणायला पिटाळलं.